कोणत्या कुशीवर झोपता?

सरांबद्दल मी लिहावं की नाही, हे ठरवायलाच मला बरेच दिवस लागले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. बाबांना सहीसुद्धा राइस मिलच्या मुकादमाने शिकवली. शिवाय सरांना माझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखणारी माणसं आमच्या कॉलेजात आहेत. त्यांनी लिहिलं असतं तर ते नीटनेटकं झालं असतं. पण ते कोणी लिहीत नाहीत, आणि मी त्यांची वाट पाहत बसले तर सर फक्त जुन्या ग्रुप फोटोत राहतील; मागच्या रांगेत, टोकाला, एका पायावर. म्हणून लिहिते. चुकेल तिथे वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

एका पायावर म्हणजे खरोखरच एका पायावर. सर मूल गावातल्या आमच्या कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. उंच, वाळके, मानेला नेहमी एक पांढरा दुपट्टा. उभे राहिले की सगळा भार उजव्या पायावर टाकत आणि डावा नुसता जमिनीला टेकवून ठेवत. प्रार्थनेला तसेच, पगाराच्या रांगेत तसेच. मुलं त्यांना मागून बगळा म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. एकदा धानाच्या बांधीत खराच बगळा उभा दिसला तेव्हा ते मुलांना म्हणाले, "पाहा बे, माझा भाऊ. पण त्याचा खुबा दुखत नाई, तो मासोळीसाठी उभा हाये."

त्यांची खोली जिन्याखाली होती. एक भाला, काही फुटबॉल, चुन्याचं पोतं आणि एक स्टूल. स्टूल दाराशी, मैदानाकडे तोंड करून बसता येईल असं ठेवलेलं असे, कारण येणाऱ्याजाणाऱ्यांना पाठीमागून पाहणं हा त्यांचा उद्योग होता. चेहरा ते पाहतच नसत. मला वाटतं, निम्म्या मुलांना ते चेहऱ्याने ओळखतही नव्हते, पण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरं कोण चाललंय ते बरोबर सांगत. "माणूस तोंडानं खोटं बोलते," ते म्हणायचे, "कंबरेनं नाई बोलत."

स्नेहसंमेलनाला एकदा मोठे पाहुणे आले होते. जीपमधून उतरून ते चार पावलं चालले असतील, तेवढ्यात सर प्राचार्यांच्या कानाशी लागले, "यांना स्टेजवर चढवू नका. खुर्ची खालीच ठेवा." प्राचार्य रागावले. पाहुण्यांनी मात्र पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि ते कठड्याला धरून तसेच उभे राहिले. तेव्हा सर गर्दीतून पुढे गेले आणि सगळ्यांच्या देखत त्यांना विचारलं, "साहेब, कोणत्या कुशीवर झोपता?"

हा त्यांचा प्रश्न. भेटेल त्याला विचारत. पोस्टमनला, भाजीवाल्या बाईला, संस्थेच्या अध्यक्षांना. आमच्याकडे माणूस भेटला की "जेवले का?" विचारतात, सर हे विचारत.

मलाही त्यांनी तो विचारला, आणि तो मुलींच्या अख्ख्या रांगेसमोर. पाऊस सरत आला होता, विद्यापीठाच्या क्रॉस कंट्रीसाठी सराव सुरू झाला होता. मी दोन चकरा मारून थांबले होते. सर मागून आले.

"डावा खुबा. कधीपासून?"

मी वाकून पायाची माती झटकू लागले.

"कोणत्या कुशीवर झोपतेस?"

रांगेतल्या मुलींनी ओढण्या तोंडात कोंबल्या. माझी मैत्रीण मोठ्याने म्हणाली, "सर, ते झोपतच नाई! तिची माय तिले कोंबड्याच्या आधी उठवते!"

सर हसले नाहीत. "मग मायले विचारून ये," म्हणाले.

मायला विचारायची गरज नव्हती. पोळ्यानंतर मला डाव्या कुशीवर वळताच येत नव्हतं. झोपेत वळले की खुब्याच्या बाहेरच्या हाडावर कोणी अंगठा दाबल्यासारखं व्हायचं आणि जाग यायची. पायऱ्या चढताना दुखायचं, बसून उठताना दुखायचं. धावताना सुरुवातीला दुखे, मग अंग तापलं की विसरायला होई, आणि थांबलं की दुप्पट. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. ज्या माणसाने माझा चेहराही नीट पाहिला नव्हता त्याने ते पाठीमागून ओळखलं.

ते सांगितलं नव्हतं याला कारण होतं. आमच्या घरी माझं कॉलेज धावण्यावर टिकून होतं. शाळेत असताना मी तालुक्यात पहिली आले होते, तेव्हा बाबा मामाला म्हणाले होते, "पोरगी पळते तोवर शिकू दे." मामाच्या मनात त्याच्या ओळखीतला एक मुलगा होता. त्यामुळे पळणं थांबलं तर पुढे काय, हे मला कोणी सांगायला नको होतं.

मी दुखतं ते सांगितल्यावर सरांनी पहिले काही दिवस कारण शोधण्यात घालवले. ग्राउंडवर मला चालवलं, धावायला लावलं, वाकवलं. स्वतः डोकं खाजवत बसले. "ग्राउंड तर सपाट हाये," ते पुटपुटत, "मग हे कुठून आलं?"

तोवर मी घरीही लंगडू लागले. मामा आला तो बसलाच नाही, उभ्यानेच बोलला. "लंगडी म्हणून नाव झालं तर कोण करन हिले? धान निघालं की उरकून टाका." मायने आधी बिब्याचं तेल लावलं, त्याने फोड आले. मग शेजारच्या बाईने सांगितलं की पलीकडच्या गावात एकजण विळा तापवून डाग देतो, एका डागात खुबा मोकळा होतो. मायने बुधवारचा दिवस ठरवला.

मैत्रिणीने ते सरांना सांगितलं असावं. मंगळवारी दुपारी सर सायकलवरून आमच्या दारात. बाबा मिलमधून नुकतेच आले होते, डोक्यावर, भुवयांवर कोंड्याची पांढरी धूळ. मास्तर घरी आले म्हणून त्यांची धांदल उडाली. माय आत चहाला गेली. सर खाटेवर बसले नाहीत. त्यांनी शर्ट वर केला, पँटची कड थोडी खाली सरकवली आणि डावी बाजू बाबांकडे केली. खुब्याच्या हाडावर रुपयाएवढा काळा, चकाकता डाग होता.

"हा पाहा भाऊ. मीपण पळत होतो. मले म्हणे नाटक करते. मग घरच्यांनी हे केलं. दुखणं आत राह्यलं, डाग वर राह्यला."

बाबांनी वाकून डाग पाहिला. मग सरांनी विचारलं, "तुम्ही आधी बैल ठेवले होते ना?"

"होते. आता नाई."

"बैलाचा खांदा आला तर काय करता?"

"आराम देतो. शेकतो. जू बदलतो. नाईतर बाजू बदलतो, डावीकडचा उजवीकडं."

"डाग देता?"

"देते कोणी कोणी." बाबांनी भुवईवरचा कोंडा पुसला. "पण जू तेच ठेवलं तर खांदा पुन्हा येते."

"तेच म्हणतो मी. हिचा खुबा आला हाये. जू कोणतं हे मले सापडून नाई राह्यलं. ते सापडेपर्यंत हिले डाग देऊ नका."

आतून मायचा आवाज आला, "मास्तर, तुम्ही लगन लावून द्याल का तिचं?"

"बाई," सर दाराकडे वळून म्हणाले, "लगनात ते तुमच्या घरून चालत निघन. लंगडत नाई. एवढं मी सांगतो."

बुधवारी डागाऐवजी आम्ही तिघं, सर, बाबा आणि मी, बसने चंद्रपूरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला उजव्या कुशीवर निजवलं आणि खुब्याच्या बाहेरच्या टोकावर बोट ठेवलं. मी ओरडलेच. मग उताणं करून पाय आत-बाहेर फिरवला. जांघेत दुखतं का विचारलं. तिथे दुखत नव्हतं. एक्स-रे काढला. हाड चांगलं होतं.

"मांडीच्या बाहेरून एक जाड पट्टा खाली गुडघ्यापर्यंत जातो," डॉक्टरांनी बाबांना समजेल असं सांगितलं. "तो खुब्याच्या हाडावर घासू नये म्हणून मध्ये पाण्याची एक बारीक पिशवी असते. घासून घासून तिला सूज आली आहे. याला बर्सायटिस म्हणतात."

सर एका पायावर उभे होते ते पुढे वाकले. "काय म्हणाले? पुन्हा म्हणा."

"बर्सायटिस."

"बर्सायटिस," सर हळूच म्हणाले. मग डॉक्टरांकडे पाहून हसले. "इतक्या वर्षांची ओळख हाये डॉक्टर. नाव आज कळलं."

डॉक्टरांनी सरांनाही निजवून पाहिलं, ते मात्र आम्हाला बाहेर पाठवून. आम्हाला सांगितलं ते असं: धावणं बंद, चालणं चालू. दुखऱ्या कुशीवर झोपायचं नाही, दुसऱ्या कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये गोधडीची गुंडाळी ठेवायची. बर्फ कपड्यात बांधून लावायचा. जेवणानंतर घ्यायच्या थोड्या गोळ्या. त्याने उतरलं नाही तर इंजेक्शनचं पाहू. सूज उतरली की कुल्ल्याचे स्नायू बळकट करायचे, नाहीतर पळायला लागल्यावर पुन्हा येईल. आणि निघताना विचारलं, "ही धावते कुठे? जमीन सपाट आहे का?"

परतीच्या बसमध्ये सर खिडकीशी बसून ते नाव घोकत होते. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोणाचं नाव घेऊन राह्यले मास्तर?" सर म्हणाले, "माझ्या सोबतिणीचं." बाबा पहिल्यांदा हसले.

गावाच्या फाट्यावर उतरल्यावर सर एकदम थांबले. "सकाळी कुठी पळतेस तू? ग्राउंडवर तर दुपारी येतेस."

"तलावाभोवती."

आमच्या गावचा तलाव जुना आहे. त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाखाली गावाचा देव आहे, शेंदूर लावलेले दोन दगड. पाळीच्या माथ्यावर करवंदाची जाळी माजली आहे, म्हणून पायवाट थोडी खाली, पाण्याच्या बाजूच्या उतारावरून जाते. दुसरीकडे धावायला जागा नव्हती. सडकेवर बांबूचे ट्रक आणि जंगलात अस्वल.

आम्ही तिथे पोचलो. "पळून दाखव," सर म्हणाले. "थोडंच. हळू."

मी चार पावलं धावले. पाणी उजव्या हाताला.

"आता उलटी ये."

मी उभी राहिले. "उलटी नाही जात, सर."

"काऊन?"

"इथं कोणीच जात नाही."

बाबांनी समजावलं. तलावाला देवाचा फेरा पाणी उजव्या हाताला ठेवूनच. उलट्या बाजूने फक्त मयत जाते. आम्ही बौद्ध, त्या दगडांना हात जोडत नाही. पण विहारातल्या पिंपळालाही आम्ही उजवीकडूनच फिरतो, आणि तलावाला उलटं जायचं आमच्याही घरी कोणाच्या मनात आलेलं नाही. मीही शाळेपासून रोज एकाच बाजूने धावत होते. उजवा पाय उताराला खाली, डावा वर. रोज कंबर डावीकडे बाहेर निघालेली.

सर पाळीवर मटकन बसले आणि कपाळावर हात मारून घेतला. "मी ग्राउंडवर शोधून राह्यलो, अन् जू इथी पडलं होतं!"

देवाचं पाहणारा एक म्हातारा गोंड होता, सगळे त्याला आजा म्हणत. तो मोहाखाली बसून हे पाहत होता. सर त्याच्याकडे गेले, दुपट्टा काढून हातात घेतला आणि सगळं सांगितलं. खुबा, पट्टा, पिशवी, बैल, जू. शेवटी म्हणाले, "आजा, बरी झाली की हिले एक दिवस सुलटं, एक दिवस उलटं पळू द्या. देवाले काय द्यायचं ते सांगा."

तोवर दहावीस माणसं जमली होती. "उलटा फेरा? गावाले काही झालं तर मास्तर भरून देईल का?" कोणीतरी म्हणालं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण पळण्याचीच बंदी होती.

आजाने बराच वेळ बिडी ओढली. मग मला विचारलं, "पोरी, पळताना हातात नारळ असते का तुझ्या?"

"नाही."

"उदबत्ती?"

"नाही."

"मग तो फेरा नोहे. फेरा म्हणजे देवासाठी. हे पळणं हाये. गाई दोन्हीकडून येतेत-जातेत, त्याईले कोणी काही म्हणते का?"

"म्हणजे आमी गाय झालो का आजा?" मागून एक बाई म्हणाली, आणि सगळे हसले. तिथे तो विषय संपला. तरी खात्री म्हणून सर स्वतः उलट्या बाजूने एक चक्कर चालून आले, सगळ्या गावादेखत, लंगडत, दुपट्टा खांद्यावर. परत आल्यावर आजाला म्हणाले, "काही झालं तर आधी मले होईल."

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते मासोळीच्या वासाने. मूलमध्ये बर्फ मिळायचा तो मासोळीबाजारात. सर तिथून तुकडा आणत, दुपट्ट्यात बांधून मला देत. मी मुलींच्या खोलीत तो खुब्याला लावून बसे. तासाला माझ्या शेजारी कोणी बसेना. मैत्रीण म्हणे, "पाहा, मांजर कशी मागं लागली तुझ्या!" मी पाण्याची गुंडी कडेवर घेणं सोडलं, डोक्यावर घ्यायला लागले. मायने माझ्यासाठी गोधडीची गुंडाळी दोरीने बांधून दिली. कोणी विचारलं तर सांगायची, "डॉक्टरनं सांगतलं." मास्तरांचं नाव घ्यायची नाही. तिचा राग जायला वेळ लागला.

सूज उतरल्यावर व्यायाम सुरू झाले. एका कुशीवर निजून वरचा पाय सरळ उचलायचा. मग दुखऱ्या पायावर उभं राहायचं आणि कंबर एका बाजूला पडू द्यायची नाही. सर म्हणाले, "तू करशील तेवढं मीपण करीन." आणि ते खरंच करू लागले, कॉलेजच्या व्हरांड्यात, खिडकीचे गज धरून, डाव्या पायावर. पाय थरथर कापायचा. प्राचार्य जाता जाता म्हणाले, "सर, आज बगळ्याने पाय बदलला वाटतं." सर गज न सोडता म्हणाले, "हा पाय मी रजेवर ठेवला होता सर. हजर करून घेऊन राह्यलो."

मी आधी चालले, मग ग्राउंडवर हळूहळू धावले, आणि कापणी सुरू झाली तेव्हा तलावावर. एक दिवस सुलटी, एक दिवस उलटी. पहिल्या उलट्या दिवशी आजा मोहाखाली बसून होता. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं, नारळ नाही याची खात्री करून घेतली आणि मान हलवली.

स्पर्धेच्या आधीच सर कॉलेज सोडून गेले. आमच्या संस्थेने हेमलकशाच्याही पुढे एक आश्रमशाळा काढली होती. तिकडे जायला कोणी तयार नव्हतं. सरांनी तिकडची बदली मागून घेतली. म्हणाले, "तिथली पोरं नदीच्या रेतीत पळतेत म्हणे. पाहून तर येतो." बसच्या दारात उभे होते. मी त्यांची पिशवी वर दिली. ते म्हणाले, "पळताना मले आठवू नको. कंबर आठव."

मी कंबर आठवली. विद्यापीठाच्या क्रॉस कंट्रीत मी तिसरी आले आणि विद्यापीठाच्या संघात माझी निवड झाली. शेवटच्या चढावर मला वाटलं आता दुखेल, आता दुखेल, आणि ते दुखलं नाही. बाबा दुसऱ्या दिवशी मिलमध्ये धुतलेला शर्ट घालून गेले, संध्याकाळी तो कोंड्याने पांढरा करून परत आले. मामा आला, बसला, चहा प्यायला, आणि मुलाचा विषय निघालाच नाही.

सरांना कळवायचं कसं? तिकडे फोन नव्हता. आमच्या वस्तीतले एक भाऊ आलापल्लीकडच्या बसवर कंडक्टर होते. त्यांना मी निरोप दिला. पण त्यांची ड्यूटी कधी तिकडे लागे, कधी नाही. बस कधी अर्ध्यातूनच परते. उन्हाळा लागला तेव्हा कुठे ते एक दिवस आमच्या दारात आले.

"सांगतलो तुझ्या मास्तरले. बससाठीच उभे होते."

"काय म्हणाले?"

"नंबर आयकला अन् नुसतं हूं केलं. मग मले विचारते, 'डाव्या कुशीवर झोपते का आता?' आता मले काय मालूम बाई! लोकाच्या पोरी कोणत्या कुशीवर झोपतेत! सारी बस हसाले लागली."

माय आतून बाहेर आली. हात पदराला पुसत म्हणाली, "सांगा त्याईले, झोपते म्हणून. मी पाहतो ना रोज."

पुढच्या फेरीला भाऊंनी ते सांगितलं. हे मला पावसाच्या तोंडाशी कळलं, नदीला पूर येऊन तिकडची बस बंद व्हायच्या आधी.

"सांगतलो. झोपते म्हटलं. लय खूश झाले. बस सुटली तरी हात हालवून राह्यले."

मी विचारलं, "भाऊ, ते उभे कसे होते?"

"कसे म्हणजे?" भाऊ माझ्याकडे पाहत राहिले. "माणूस जसा उभा राह्यते तसे. दोन्ही पायावर."